कोण बोलतंय?

भरदुपारी फोन वाजतो. नंबर अनोळखी. तुम्ही उचलता, 'हॅलो' म्हणता आणि पलीकडे शांतता. एक सेकंद, दीड सेकंद. मग 'टुक्' असा बारीक आवाज येतो आणि कॉल सेंटरच्या गलक्यातून एक उत्साही मुलगी विचारते, "सर, पर्सनल लोनची रिक्वायरमेंट आहे का?"

लोनचं राहू द्या. त्या दीड सेकंदाचं काय? फोन तिने केला होता ना? मग तुम्ही उचलताक्षणी तिने बोलायला लागायला हवं होतं. ज्याने फोन लावला तोच गप्प, असं कसं?

कारण फोन तिने लावलेलाच नव्हता. तुम्ही 'हॅलो' म्हणालात तेव्हा ती बहुधा दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती आणि तुम्ही तिच्या गावीही नव्हतात. तुमचा नंबर फिरवला एका यंत्राने. त्याला प्रेडिक्टिव्ह डायलर म्हणतात, आणि ते जे करतं ते कळलं की पुढच्या वेळी राग यायच्या आधी थोडं कौतुक वाटेल.

समजा, एका कॉल सेंटरमध्ये पन्नास जण बसले आहेत. प्रत्येकाने आपापला नंबर लावायचा म्हटलं तर निम्मी शिफ्ट रिंग ऐकण्यात जाईल, कारण बहुतेक लोक फोन उचलतच नाहीत. म्हणून यंत्र एकाच वेळी पन्नासांहून कितीतरी जास्त फोन लावतं. नेमके किती? त्याचा हिशेब ते क्षणाक्षणाला करत असतं. या वेळेला शंभरातले किती जण उचलतात, एक संभाषण सरासरी किती चालतं, कोणाचं बोलणं आता संपत आलं असेल. या आकड्यांवरून ते पैज लावतं, की तुमचा फोन वाजून तुम्ही 'हॅलो' म्हणेपर्यंत इथे कोणीतरी मोकळं झालेलं असेल. पैज बरोबर आली तर लगेच लोनची विचारणा. थोडी चुकली तर दीड सेकंद शांतता. पुरती चुकली, म्हणजे दोघांनी फोन उचलला आणि मोकळं माणूस एकच, तर दुसऱ्याचा फोन कट. पलीकडे भूत नसतं, चोरही नसतो. यंत्राच्या अंदाजात तुम्ही जादा ठरलेले असता. अमेरिकेत तर या जादा ठरणाऱ्यांसाठी कायदाच आहे : उचललेल्या फोनांपैकी तीन टक्क्यांहून जास्त फोन असे वाऱ्यावर सोडायचे नाहीत, आणि माणूस 'हॅलो' म्हणाल्यापासून दोन सेकंदांत कोणीतरी बोलायला हवं.

त्या शांततेत आणखी एक गोष्ट चाललेली असू शकते. यंत्र तुमचा आवाज ऐकत असतं. फोन माणसाने उचलला की रेकॉर्डिंग लागलं, हे त्याला ठरवायचं असतं. ते कसं ठरवणार? रेकॉर्डिंग एका दमात लांबलचक वाक्य म्हणतं. माणूस छोटंसं 'हॅलो' म्हणतो आणि थांबतो. ते थांबणं हीच यंत्राच्या लेखी तुम्ही हाडामांसाचे असल्याची खूण!

या सगळ्या हिशेबाचं मूळ फार जुनं आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत आग्नर क्रारूप एरलांग नावाचा एक गणिती कामाला होता. कंपनीची अडचण साधी होती. गावातल्या लोकांना फोन करायला किती तारा आणि किती ऑपरेटर पुरतील? जास्त ठेवले तर तोटा, कमी ठेवले तर लोकांची बोंब. एरलांगने १९०९ साली एक निबंध लिहून दाखवलं, की एखादा माणूस कधी फोन करेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण हजारो माणसं मिळून तासाभरात किती फोन करतील याला मात्र गणिताचा पक्का नियम आहे. सगळे आपापल्या मर्जीने वागतात आणि तरी बेरीज शिस्तीत येते. आजही दूरसंचारातल्या गर्दीचं माप त्याच्याच नावाने, 'एरलांग' या एककात मोजतात, आणि कोणत्या शिफ्टला किती माणसं बसवायची हे जगभरातली कॉल सेंटर त्याच्याच सूत्रांवरून ठरवतात. आणि आपल्याकडे नकोसे फोन बंद करायला जो नंबर लावायचा, तो कोणता? १९०९. निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता स्क्रीनवरच्या नंबराकडे वळू. फोन वाजला की आपण आधी नंबर बघतो. +९१ दिसलं की भारतातला, ०२२ दिसलं की मुंबईचा. पण तो आकडा तिथे येतो कुठून?

पलीकडचं एक्स्चेंज तो पाठवतं. आपलं एक्स्चेंज मुकाट्याने तो घेतं आणि आपल्याला दाखवतं. लग्नात आहेराच्या पाकिटावर जे नाव लिहिलेलं असतं ते देणाऱ्याने लिहिलेलं असतं, आणि दारात कोणी ओळखपत्र मागत नाही. फोनवरचा नंबर त्याच जातीचा आहे. एक्स्चेंजांनी एकमेकांशी बोलायची जी भाषा आहे, तिचं नाव सिग्नलिंग सिस्टम क्रमांक ७. ती १९७० च्या दशकात आकाराला आली. तेव्हाचं जग आठवून बघा. एकेका देशात टेलिफोन चालवणारं एखादंच खातं किंवा एखादीच बलाढ्य कंपनी. आपल्याकडे पोस्ट अँड टेलिग्राफ खातं होतं आणि फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. अशा मूठभर सरकारी-निमसरकारी मंडळींनी एकमेकांवर अविश्वास का दाखवावा? समोरचं एक्स्चेंज खोटा नंबर सांगेल, ही शक्यताच कोणी धरली नव्हती. पुढे फोन इंटरनेटवरून जायला लागले. मग कॉल लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'कोणाकडून' अशी एक रिकामी जागा आली. तिथे कोणताही नंबर लिहा, बिनदिक्कत पुढे जातो. परदेशात बसायचं आणि तुमच्या स्क्रीनवर पुण्याचा नंबर उमटवायचा, यासाठी हुशारी लागत नाही. टाइप करता आलं की झालं.

गंमत अशी, की स्वयंचलित एक्स्चेंजचा जन्मच एका संशयातून झालेला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रोजर नावाचा एक माणूस अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवायचा. गोष्ट अशी सांगतात, की त्याचा धंदा अचानक बसायला लागला, कारण गावातल्या टेलिफोन ऑपरेटर बाई त्याच्या स्पर्धकाची बायको होत्या. कोणी 'स्ट्रोजरला जोडून द्या' म्हटलं की त्या नवऱ्याला जोडून द्यायच्या! कथा किती खरी ते देव जाणे. पण स्ट्रोजरने १८९१ मध्ये ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या स्विचचं पेटंट घेतलं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसं पहिलं एक्स्चेंज सुरूही झालं, हा इतिहास आहे. मधला माणूस फसवतो म्हणून मधला माणूसच काढून टाकला. आणि मग शंभर वर्षांनी, कोण बोलतंय याची खात्री करणारं मध्ये कोणीच उरलं नाही.

ही पोकळी केवढी मोठी होती, ते एका दिवसात कळलं. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी दूरसंचार विभागाने एक यंत्रणा सुरू केली. तिचं काम एकच : परदेशातून येणारा पण भारतीय नंबर दाखवणारा फोन दारातच तपासायचा. पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख फोन खोटे म्हणून अडवले. भारतीय नंबर घेऊन बाहेरून आलेल्या फोनांपैकी ते नव्वद टक्के होते! दहातले नऊ. आणि आदल्या दिवसापर्यंत ते आपल्या खिशात वाजत होते.

मग भामटे थांबले का? छे. त्यांनी सिम बॉक्स वापरला. शाळेच्या दप्तरात मावेल अशी पेटी, आणि तिच्यात सिमकार्डांच्या रांगा, कधी बत्तीस, कधी एकशे अठ्ठावीस. फोन परदेशातून इंटरनेटने या पेटीत येतो आणि इथल्याच खऱ्याखुऱ्या सिमवरून बाहेर पडतो. आता नंबर खोटा नाहीच. तो भारतातलाच आहे, कोणाच्या तरी नावावर रीतसर घेतलेला आहे. मग पकडायचा कसा? त्या सिमच्या वागण्यावरून. जरा विचार करा, तुमचा फोन दिवसभर कुठे कुठे जातो? ऑफिसात, बाजारात, रविवारी सासुरवाडीला. तुम्हाला आईचा फोन येतो, गॅसवाल्याचा येतो, ठरावीक पाचदहा जणांना तुम्ही पुनःपुन्हा फोन करता. पेटीतलं सिम एकाच टॉवरखाली दिवसरात्र पडून असतं. रोज नव्या शेकडो अनोळखी लोकांना फोन करतं आणि त्याला मात्र कुणाचाच फोन येत नाही. माणसाचं आयुष्य फोनच्या नोंदींत इतकं स्पष्ट उमटतं, की त्याची नक्कल करणं भामट्यांना जड जातं. तुमच्या स्क्रीनवर 'संशयित स्पॅम' असं लाल अक्षरात येतं, त्यामागे याच धर्तीची तपासणी असते. एअरटेलने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आपली यंत्रणा आणली तेव्हा, एकेका कॉलचा निकाल दोन मिलिसेकंदांत लागतो असं कंपनीने सांगितलं होतं. दूरसंचार विभागाने 'अस्त्र' नावाचं दुसरंच हत्यार काढलं आहे. ते सिमच्या अर्जांवरचे चेहरे जुळवून बघतं. नाव निराळं, पत्ता निराळा, आणि फोटोत तोच माणूस निराळ्या शर्टात!

नंबरानंतर आवाज. आवाज तरी खरा असतो की नाही?

इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला साधारण ८५ ते १८० कंपनांचा असतो. जुन्या टेलिफोनमधून ३०० च्या खालचं आणि ३४०० च्या वरचं काही जवळजवळ जातच नसे. तारा आणि यंत्रणा स्वस्तात पडाव्यात म्हणून तेवढाच पट्टा ठेवला होता. म्हणजे काय झालं? वडिलांचा तो भरदार, खर्जातला आवाज तारेतून कधी आलाच नाही. मग आपण तो ऐकला कसा? मूळ स्वराच्या पटींतले जे वरचे स्वर त्याच्यासोबत उमटतात, त्यांतले ३०० च्या वरचे तारेतून येत होते. त्यांच्यातलं अंतर मोजून मेंदू हरवलेला खर्ज परत बांधत होता आणि आपल्याला वाटत होतं, आपण तो ऐकतोय. आताच्या व्होल्टी कॉलवर पट्टा बराच रुंद झाला आहे, तरी कान आणि मेंदू तेच आहेत.

मला वाटतं, फोनवरच्या फसवणुकीचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे. फोन आपल्याला फार थोडं देतो. एक आकडा, आवाजाची एक पट्टी, बस्स. चेहरा, घर, हेतू, हुद्दा हे सगळं आपण आपल्याकडचं घालतो आणि पलीकडे एक पुरा माणूस उभा करतो. म्हणून मुलाच्या आवाजाची संगणकावर केलेली नक्कल, "आई, माझा अपघात झालाय" असं रडत म्हणते, तेव्हा ती हुबेहूब असायची गरजच नसते. रडण्याने आवाज बदलला, रेंज नव्हती, घाबरलाय बिचारा, या सबबी आई स्वतःच पुरवते.

पण मग एक कोडं पडतं. आपण इतके भरून घेणारे असू, तर भामट्यांच्या थापा इतक्या भिकार का असतात? 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल' या महावितरणच्या नावाने आलेल्या मेसेजमध्ये व्याकरणाचा मुडदा पडलेला असतो, आणि पाठवणाऱ्याचा नंबर कुणाचा तरी साधा मोबाइल असतो. लाखो रुपये लुटायला निघालेल्या माणसाला एक धड वाक्य लिहिता येऊ नये?

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचं जे उत्तर दिलं, ते वाचून मी खुर्चीतून उठलो. त्यांच्या निबंधाचं नावच आहे, नायजेरियन भामटे आपण नायजेरियाचे आहोत असं का सांगतात. भामट्याच्या बाजूने विचार करा. मेसेज पाठवायला खर्च जवळजवळ शून्य. खर्च आहे तो नंतरचा : जो उत्तर देईल त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसायचं. आता थाप झकास असेल तर तुमच्यामाझ्यासारखे संशयी लोकही उत्तर देतील, तासभर बोलतील आणि ऐन वेळी पैसे न देता फोन ठेवतील. त्या वेळाचं नुकसान कोणी सोसायचं? म्हणून थाप मुद्दाम ढोबळ ठेवायची. शहाणे वाचूनच हसतील आणि गळून जातील. उरतील ते फक्त पुरते भोळे किंवा पुरते घाबरलेले. भिकार व्याकरण ही चूक नसून चाळणी असू शकते! त्या मेसेजवर तुम्ही हसता तेव्हा भामट्याच्या हिशेबात तुमचं काम फुकटात आटोपलेलं असतं.

या धंद्यात वेळच भांडवल आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

हे भांडवल घालणारी माणसं कोण? २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या काही इमारतींवर छापे घातले. आत सातशेहून जास्त तरुण कर्मचारी सापडले. इंग्रजी बरी, नोकरी हवी, रात्रपाळीची तयारी. त्यांना अमेरिकी नावं दिली होती आणि हातात संवाद लिहिलेले कागद. अमेरिकेतल्या माणसाला फोन लावायचा, आपण तिकडच्या आयकर खात्यातून बोलतोय म्हणायचं, तुमचा कर थकलाय, पोलीस घरी निघालेत, सुटायचं असेल तर आत्ताच्या आत्ता दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं घ्या आणि त्यावरचे आकडे मला वाचून दाखवा. फोन मात्र ठेवायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही. अमेरिकेत अशाच एका जाळ्यातल्या एकवीस जणांना २०१८ मध्ये शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. हे संवाद ओळखीचे वाटतात का? सरकारी खातं, अटकेची भीती, घाई आणि गुप्तता. आज आपल्याकडच्या 'डिजिटल अरेस्ट'मध्ये एक शब्द बदललेला नाही. फक्त आयकराच्या जागी सीबीआय आलं आणि गिफ्ट कार्डाच्या जागी बँक ट्रान्स्फर.

हो, आणि देखावा वाढला. व्हिडिओ कॉलवर पाठीमागे पोलीस ठाण्याचा सेट, खांद्यावर तारे, टेबलावर फायली. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योगपतींपुढे तर चक्क सर्वोच्च न्यायालयाची ऑनलाइन सुनावणी उभी केली, खोट्या सरन्यायाधीशांसकट, आणि सात कोटी रुपये काढून घेतले. बाकीचे भामटे होईल तितक्या लवकर उरकायचं बघतात. हे लोक दोन दिवस, चार दिवस कॅमेरा बंद करू देत नाहीत. का? कारण मधे शेजारच्या काकू चहाला आल्या, तर त्या एका वाक्यात सगळा सेट पाडतील.

आणि हे संवाद म्हणणारा माणूस कधी कधी स्वतःच कैदी असतो. म्यानमारच्या सीमेवर, म्यावाडीच्या परिसरात, काटेरी कुंपणामागे असे फसवणुकीचे कारखाने उभे राहिले. डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून तरुणांना थायलंडला बोलवायचं आणि सीमेपलीकडे नेऊन पासपोर्ट काढून घ्यायचा. २०२५ च्या मार्चमध्ये थायलंडच्या मे सोतहून भारतीय हवाई दलाच्या विमानाने एका खेपेत २८३ भारतीयांना परत आणलं. तुम्हाला धमकावणाऱ्या माणसाच्या पाठीमागे कोणी उभं असेल, हेही शक्य आहे.

आता वेळेच्या भांडवलाकडे येऊ, कारण इथे माझा आवडता नायक प्रवेश करतो. त्याचं नाव लेनी. ऑस्ट्रेलियन वळणाचा आवाज, वय झालेलं, ऐकायला कमी, बोलायला ऐसपैस. टेलिमार्केटिंगवाल्याचा फोन आला की लोक तो लेनीकडे वळवतात. लेनी सगळं मान्य करतो, मध्येच ऐकू येत नाही म्हणतो, मुलीचं कौतुक सुरू करतो, बाहेर बदकांचा गोंधळ झाला म्हणून फोन बाजूला ठेवून जातो आणि परत येऊन विचारतो, काय म्हणत होतात?

लेनी माणूस नाही. कृत्रिम बुद्धिमत्ताही नाही. लेनी म्हणजे सोळा रेकॉर्ड केलेली वाक्यं! समोरचा काय बोलतोय यातलं अक्षरही त्याला कळत नाही. समोरचा गप्प झाला की पुढचं वाक्य लावायचं, एवढंच तो जाणतो. सोळा संपली की पाचव्यापासून पुन्हा सुरू. आणि तरी फ्रान्समधल्या संशोधकांनी अशी दोनशे संभाषणं तपासली तेव्हा सरासरी लांबी दहा मिनिटांहून जास्त निघाली. आपण रेकॉर्डिंगशी बोलतोय हे स्पष्टपणे ओळखणारे फार थोडे होते.

हे कसं जमतं? लेनीची वाक्यं हुशारीने पोकळ ठेवलेली आहेत. 'हो हो', 'परत सांगता का', 'गेल्या आठवड्यातही कुणाचा तरी फोन आला होता'. कोणत्याही प्रश्नाला ही उत्तरं लागू पडतात, कारण ती लागू पाडायचं काम समोरचा करतो. उत्तर विसंगत आलं तर तो म्हणतो, म्हातारा आहे, ऐकू आलं नसेल. जो दिवसभर दुसऱ्यांच्या मनातल्या रिकाम्या जागांवर जगतो, तोच इथे रिकाम्या जागा भरत बसतो. गठ्ठाभर ध्वनिफितींनी त्याच्यावर त्याचीच विद्या उलटवली.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या ओटू कंपनीने लेनीची धाकटी बहीण आणली. डेझी. ही मात्र खरोखर ऐकते आणि एआयच्या बळावर उत्तरं देते. आजीबाईंचा आवाज, विणकामाच्या आणि घरच्या गप्पा, बँकेचे आकडे विचारले तर सगळे बनावट. तिने काही भामट्यांना चाळीस चाळीस मिनिटं अडकवल्याचं कंपनी सांगते. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठातही असे बोलके सापळे तयार झाले आहेत. भामट्यांकडेही आता बोलणारी यंत्रं आहेत. लवकरच एका टोकाला खोटा पोलीस आणि दुसऱ्या टोकाला खोटी आजी, आणि मध्ये माणूस कोणीच नाही, असे फोन तासन्‌तास चालतील. मोबाइल कंपन्यांचं भलं होवो.

तुम्ही स्वतः लेनी व्हायला मात्र जाऊ नका. बोलत राहिलात तर तुमचा आवाज आणि तुमची माहिती तिकडे जाते, आणि नंबर चालू आहे याची नोंद होते. आपल्याला करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातही एकदोन चमत्कार आहेत.

उदाहरणार्थ, बँकेच्या मेसेजवर नंबर नसतो, अक्षरं असतात. त्या नावाच्या शेवटी हल्ली आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर दिसतं. 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेचा निरोप, 'टी' म्हणजे व्यवहाराचा, 'जी' म्हणजे सरकारी. सुरुवातीच्या दोन अक्षरांतलं पहिलं मोबाइल कंपनी सांगतं, दुसरं विभाग. तिथे 'एम' असेल तर मुंबई. आणि प्रत्येक असा मेसेज पाठवण्याआधी, आधीच मंजूर करून घेतलेल्या मसुद्याशी ताडून बघितला जातो. तोही ब्लॉकचेनवर. ही ताडणी ८ मार्च २०२१ ला पहिल्यांदा खरोखर लागू केली, तेव्हा देशभर ओटीपीच पोचेनात. बँकांचे व्यवहार आणि लशीची नोंदणी अडली, आणि ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, आठवड्यासाठी नियम मागे घ्यावा लागला. कंपन्यांनी मसुदे नीट नोंदवलेच नव्हते.

फोनचंही तसंच. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवेच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवलेत, जाहिरातींसाठी १४०. बँकेतून बोलतोय म्हणणारा दहा आकडी मोबाइलवरून बोलत असेल, तर फोन ठेवायला तेवढं कारण पुरे आहे. ट्रूकॉलरवर दिसणाऱ्या नावावर फार जाऊ नका. इतरांनी आपापल्या फोनमध्ये त्या नंबराला जे नाव दिलं, त्यावरून ते बनतं. म्हणून तर भल्या माणसाचं नाव तिथे 'राजू प्लंबर जुना' असं येतं. सिमच्या अर्जावरचं नाव थेट स्क्रीनवर दाखवावं अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली, ती जास्त भरवशाची.

जाहिरातींचे फोन नको असतील तर १९०९ वर नोंद करा किंवा ट्रायचं डीएनडी अ‍ॅप वापरा, आणि तरीही फोन आला तर सात दिवसांत तक्रार करा. ती वाया जात नाही. २०२५ च्या सुधारित नियमांप्रमाणे एखाद्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाईला सुरुवात होते. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. फसवणुकीचा फोन आला पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर कळवा. तिथेच आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या. नऊपर्यंत घेता येतात, आणि त्यातलं एखादं कुठल्या पेटीत बसलं असेल सांगता येत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करू लागले, तर आपल्या देशात तसा कायदाच नाही, एवढं आठवा आणि खुशाल फोन ठेवा.

आणि पैसे गेलेच, तर रडण्याआधी, घरच्यांना सांगण्याआधी, बँकेत धावण्याआधी १९३० लावा. गेलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तो काही मिनिटांत दुसरीकडे, तिसरीकडे फुटत जातो. १९३० वर नोंद झाली की तो ज्या बँकेत गेला तिला, तिथून पुढे गेला तर पुढच्या बँकेला इशारा जातो, आणि जिथे पैसा सापडेल तिथे तो रोखून धरता येतो. ही मिनिटांची शर्यत आहे. म्हणून हा नंबर आजच आईवडिलांच्या फोनमध्ये घालून ठेवा. मात्र 'सायबर हेल्पलाइन' अशा नावाने नको, घाबरलेल्या माणसाला ते आठवणार नाही. 'पैसे गेले' या नावाने ठेवा.